बुडालेलें जहाज कोणाचें?

हेदवीस श्रीदशभुज लक्ष्मीगणेशाचें दर्शन घेऊन मंडळी समुद्रकांठच्या उमामहेश्वराच्या देवळाकडे वळतात, आणि भरतीच्या वेळीं बामणघळींतून उसळणारें पाणी पाहून थक्क होतात. आपल्या पूर्वजांनीं समुद्रास रत्नाकर म्हटलें. परंतु त्याच्या पोटांत शिरून पाहण्याची सोय सामान्य मनुष्यास फार उशिरां लाभली. १९४३ सालीं फ्रान्समध्यें कुस्तो व गान्यां या दोघांनीं, पाठीवरच्या सिलिंडरमधून श्वासाच्या मागणीप्रमाणें हवा पुरविणारें यंत्र सिद्ध केलें. ‘स्कूबा’ या नांवानें आज मालवण-तारकर्लीस तरुण मंडळी तसलेंच यंत्र पाठीशीं बांधून बुडी मारतात. त्या सिलिंडरमध्यें बहुधा दाबून भरलेली साधी हवाच असते. निव्वळ प्राणवायु नव्हे. दर ३३ फूट खोलीस हवेच्या एका वातावरणाइतका दाब वाढतो. वर येतांना तो उतरूं लागला कीं फुप्फुसांतील हवा फुगते. म्हणून श्वास कोंडूं नये व घाई करूं नये, हा या विद्येचा पहिला पाठ होय.

आतां बुडालेल्या जहाजांविषयीं. थंड समुद्रांतील जहाजांचें भाग्य निराळें. स्वीडनचें ‘वासा’ हें जहाज १६२८ सालीं स्टॉकहोमच्या बंदरांतून निघतांच बुडालें, आणि १९६१ सालीं वर काढलें तेव्हां बव्हंशीं अखंड निघालें. बाल्टिकच्या थंड व कमी खाऱ्या पाण्यांत लाकूड पोखरणारा किडा जगत नाहीं. आमच्या उबदार दर्यांत मात्र त्याचा सुकाळ आहे. गोव्याजवळ सुंची खडकावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनीं सतराव्या शतकांतील एका पोर्तुगीज जहाजाचा ठाव घेतला. तेथें हातीं लागलें तें अखंड जहाज नव्हे, तर तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दांत, घडीव दगड आणि चिनी मातीचीं भांडीं.

जेथें लाकूड टिकत नाहीं, तेथें कोणती वस्तु कोणत्या वस्तूशेजारीं पडली आहे, हीच काय ती जहाजाची बखर. हस्तिदंत व पाणघोड्याचे दांत एकत्र सांपडले म्हणूनच आफ्रिकेच्या व्यापाराचा माग लागला. एखाद्या हौशी मनुष्यानें त्यांतील एक दांत दिवाणखान्यांत मांडण्यासाठीं उचलला, तर त्याच्या घरीं शोभेची वस्तु येईल. पण त्या बखरीचें पान कायमचें फाटेल.

दुसरी गोष्ट अंतःकरणाची आहे. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसें दगावलीं. जेथें कोणाच्या घरचीं माणसें गेलीं, तेथें कुतूहलानें खेळूं नये. ती स्मशानभूमीच समजावी.

मुलें बुडी मारावयास निघालीं, तर वडील मंडळींनीं त्यांस अडवूं नये असें आम्हांस वाटतें. दमा, कानाचा किंवा हृदयाचा विकार असल्यास डॉक्टरांस आधीं विचारावें, पावसाळा टाळावा, शिक्षित पाणबुड्याची सोबत सोडूं नये. आणि निघतांना एवढें बजावावें, ‘‘डोळे भरून पाहा, हात मात्र रिकामेच घेऊन वर या.’’