नजर थांबते तिकडे फीड वळतं

‘मी असलं काही कधी लाइक केलेलं नाही, फॉलोही करत नाही. मग माझ्यासमोर हेच का येतं?’ ही तक्रार कॉलेजातल्या मुलांपासून निवृत्त शिक्षकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. अपघातांचे व्हिडिओ, सासू-सुनांच्या भांडणाच्या रील्स, दोन समाजांना एकमेकांच्या अंगावर घालणारी भाषणं. तक्रार करणारी माणसं खोटं बोलत नसतात. आपली आवडनिवड आपण बटण दाबून सांगतो आणि ॲप तेवढंच ऐकतं, असा त्यांचा समज असतो. गोंधळाची सुरुवात तिथेच होते.

बटणाखेरीज इतर कितीतरी गोष्टी मोजल्या जातात. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जून २०२१मध्ये एक सविस्तर खुलासा लिहिला होता. तुम्ही या पोस्टवर काही सेकंद थांबाल का, कमेंट कराल का, लाइक कराल का, ती सेव्ह कराल का, प्रोफाइलच्या फोटोवर बोट लावाल का, याचे अंदाज बांधून फीडचा क्रम ठरतो, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. यातल्या पहिल्याच गोष्टीसाठी काही दाबावं लागत नाही. भीतीने खिळून पाहिलेला अपघात आणि मन लावून ऐकलेला अभंग यांतला फरक थांबलेल्या सेकंदांवरून कळत नाही.

रागाचंही तसंच. फेसबुकने २०१७पासून काही काळ लाइकखेरीजच्या इमोजींना, म्हणजे रागाच्या लाल चेहऱ्यालाही, साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं. फ्रान्सिस हॉगन या माजी कर्मचारी महिलेने २०२१मध्ये कंपनीची अंतर्गत कागदपत्रं उघड केली, तेव्हा हे जगाला कळलं. रागाच्या इमोजीचं वजन टप्प्याटप्प्याने कमी करत २०२०मध्ये शून्यावर आणलं गेलं होतं, पण कमेंट आणि शेअर यांचं मोल आजही आहेच. एखाद्या विखारी पोस्टखाली चार ओळींचा निषेध लिहिणारा भला माणूस त्या पोस्टला बळच देतो. ‘बघ, हा काय बरळतोय’ म्हणून मित्राला पाठवलेली रीलसुद्धा ‘पाठवण्याजोगी’ म्हणून नोंदली जाते. विरोध करायचाच असेल तर तक्रारीचं बटण आहे. ते वापरावं आणि पुढे जावं.

‘नॉट इंटरेस्टेड दाबलं की झालं’

हा समज सर्वांत जास्त पसरलेला आहे आणि माझ्या मते सर्वांत जास्त निराशा यानेच पदरी येते. माणूस प्रामाणिकपणे बटण दाबत राहतो, फीड बदलत नाही, आणि शेवटी ‘आपल्या हातात काहीच नाही’ असं म्हणून सोडून देतो.

मोझिला फाउंडेशनने २०२२मध्ये यूट्यूबच्या या बटणांची परीक्षा घेतली. बावीस हजारांहून जास्त लोकांनी आपल्या ब्राउझरमधून त्यासाठी माहिती दिली. नको असलेल्या प्रकारच्या शिफारशी कोणत्या बटणाने किती रोखल्या, हे त्यात मोजलं होतं. ‘डिसलाइक’ने जेमतेम १२ टक्के, ‘नॉट इंटरेस्टेड’ने ११ टक्के. पाहिलेला व्हिडिओ हिस्टरीतून काढून टाकल्यावर २९ टक्के, आणि ‘या चॅनेलची शिफारस करू नका’ असं सांगितल्यावर ४३ टक्के. सर्वांत प्रभावी उपायही निम्म्यापर्यंत पोचला नाही, हे खरं. तरीही ११ आणि ४३ यांत जवळजवळ चौपट अंतर आहे, आणि अनेक लोक नेमकं ११ टक्केवालं बटण दाबत बसतात.

तेव्हा व्हिडिओवर रुसण्यापेक्षा चॅनेल बंद करावं. यूट्यूबवर हिस्टरीत जाऊन रात्री दोन वाजता पाहिलेल्या गोष्टी पुसाव्यात. ज्यांना शिफारशीच नकोत, त्यांनी वॉच हिस्टरी थांबवून जुनीही पुसून टाकावी. ऑगस्ट २०२३पासून अशा खात्यांचं मुख्य पान जवळजवळ कोरं दिसतं, हवं ते शोधून पाहावं लागतं. मला ही सोय फार मोलाची वाटते, कारण शोधायला उद्देश लागतो. इन्स्टाग्रामने नोव्हेंबर २०२४मध्ये शिफारशी मुळापासून पुसून नव्याने सुरू करण्याची सोय जाहीर केली. ती वापरल्यावर पुढचे काही दिवस आपण कशावर थांबतो याकडे लक्ष हवं, कारण शिकवणी पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरू झालेली असते. काही शब्द गाळून टाकण्याचीही सेटिंग असते. ‘वेट लॉस’ किंवा एखाद्या आजाराचं नाव तिथे घालून ठेवता येतं. मात्र तोच शब्द मराठीत, इंग्रजीत आणि रोमन लिपीतल्या मराठीत असा तिन्ही प्रकारे घालावा, नाहीतर अर्धा मजकूर निसटून येतो.

‘अनफॉलो केलं तर नात्यात कटुता येईल’

इथे तंत्रज्ञानापेक्षा संकोच आडवा येतो, आणि तो समजण्यासारखा आहे. आत्याच्या पोस्ट बंद केल्या आणि तिला कळलं तर? मामांच्या ग्रुपमधून बाहेर पडलं तर दिवाळीला तोंड कसं दाखवायचं?

वस्तुस्थिती अशी की यातलं बहुतेक काही कुणाला कळत नाही. फेसबुकवर मैत्री कायम ठेवून अनफॉलो करता येतं. समोरच्याला सूचना जात नाही, तुमचं नाव त्याच्या यादीत तसंच राहतं. तीस दिवसांपुरतं थांबवायचं असेल तर ‘स्नूझ’ आहे. इन्स्टाग्रामवर म्यूट आहे, पोस्टसाठी वेगळं आणि स्टोरीसाठी वेगळं. व्हॉट्सॲपवर एखाद्याचं स्टेटस म्यूट करता येतं, ग्रुप अर्काइव्हमध्ये टाकला की नवे मेसेज येऊनही तो वर येत नाही. ऑगस्ट २०२२मध्ये तर ग्रुप शांतपणे सोडण्याचीही सोय जाहीर झाली. आता सर्वांना सूचना जात नाही, फक्त ॲडमिनला जाते. ॲडमिन मामाच असतील तर मात्र अर्काइव्ह बरं.

हे सांगताना माझ्या डोळ्यांसमोर विशिष्ट माणसं आहेत. मूल होण्यासाठी वर्षानुवर्षं दवाखान्याच्या फेऱ्या मारणारी बाई आणि तिच्यासमोर रोज येणारे डोहाळजेवणाचे, बारशाचे फोटो. दहावीचा निकाल मनासारखा न लागलेला मुलगा आणि टक्क्यांसकट झळकणारे अभिनंदनाचे बॅनर. नुकताच जोडीदार गेलेले आजोबा आणि लग्नाच्या वाढदिवसांची रांग. आनंद साजरा करणाऱ्यांची यात काही चूक नाही. पण दुखऱ्या माणसाने महिनाभर नजर दुसरीकडे वळवली तर तो मत्सर नाही, आणि त्याबद्दल त्याला अपराधी वाटायचंही कारण नाही. ज्यांच्याशी जिव्हाळा आहे त्यांना फोन करता येतोच.

‘वेळेच्या क्रमाने लावलेलं फीड हाच उपाय’

२०१६मध्ये इन्स्टाग्रामने वेळेचा क्रम मोडला, तेव्हापासून अनेकांना तो परत हवा होता. मार्च २०२२मध्ये ‘फॉलोइंग’ आणि ‘फेव्हरिट्स’ या दोन रूपांत तो परत मिळालाही. अनोळखी लोकांचा मारा थांबवायला ते जरूर वापरावं. फक्त त्याने मन निवळेलच असं धरून चालू नये. अमेरिकेतल्या २०२०च्या निवडणुकीच्या सुमारास काही फेसबुक आणि इन्स्टाग्राम वापरणाऱ्यांना तीन महिने वेळेच्या क्रमाचं फीड दिलं गेलं. त्याचे निष्कर्ष २०२३मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. लोकांचा ॲपवरचा वेळ घटला, फेसबुकवर शिवराळ मजकूर कमी झाला, पण राजकीय आणि अविश्वसनीय स्रोतांचा मजकूर उलट वाढला. यंत्राने निवड थांबवली तरी फॉलो केलेल्यांची यादी आपलीच राहते.

‘बातम्यांपासून दूर राहणं बेजबाबदारपणाचं आहे’

संवेदनशील माणसाला हा विचार सर्वांत जास्त छळतो. जगात इतकं दुःख असताना आपण पाठ फिरवायची का? २०१३च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या बाँबस्फोटानंतर अमेरिकेत झालेला एक अभ्यास इथे महत्त्वाचा आहे. स्फोटानंतरच्या आठवड्यात रोज सहा किंवा त्याहून जास्त तास त्याचं वार्तांकन पाहिलेल्यांनी, स्फोटाच्या ठिकाणी वा आसपास असलेल्यांपेक्षाही जास्त तीव्र ताण नोंदवला. तेवढं पाहून त्यांच्या हातून जखमींना जास्त मदत झाली असं मानायला काही आधार नाही. शिवाय ऑनलाइन मथळ्यात एक नकारार्थी शब्द वाढला की क्लिक सरासरी २.३ टक्क्यांनी वाढतात, असं २०२३मध्ये ‘नेचर ह्युमन बिहेवियर’मधल्या एका शोधनिबंधाने दाखवलं. म्हणजे फीडमधलं जग खऱ्या जगापेक्षा जास्त काळं दिसणार, हे ठरलेलंच. सकाळचं वर्तमानपत्र किंवा आकाशवाणीचं बातमीपत्र माहितीसाठी पुरतं, आणि त्याला शेवट असतो.

‘मी फक्त प्रेरणादायी गोष्टी बघते’

फ्लिंडर्स या ऑस्ट्रेलियन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५मध्ये तरुण मुलींना व्यायामाची ‘प्रेरणा’ देणारी इन्स्टाग्रामवरची चित्रं दाखवली, आणि दुसऱ्या गटाला प्रवासाची. पहिल्या गटातल्या मुलींना व्यायाम करावासा वाटला खरा, पण त्यांचं मन जास्त खट्टू झालं आणि स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजीही वाढली. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून एमपीएससीत आलेल्यांच्या मुलाखती एकामागून एक पाहणाऱ्या मुलांनी याचा जरूर विचार करावा. कसोटी साधी आहे: पाहून झाल्यावर पुस्तक उघडावंसं वाटलं का? नसेल, तर शीर्षक कितीही उमेद देणारं असो, ते चॅनेल आपल्या उपयोगाचं नाही.

‘फीड नीट केलं की सगळं ठीक होईल’

परिणाम होतो, पण माफक. अमेरिकेत २०१८च्या निवडणुकीआधी संशोधकांनी काही लोकांना मोबदला देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं. रोजचा सुमारे तासभर मोकळा झाला, आनंद आणि समाधान किंचित वाढलं, बातम्यांचं ज्ञान थोडं कमी झालं. प्रयोग संपल्यावरही त्यांचा वापर आधीपेक्षा कमीच राहिला. पूर्ण बंद ठेवूनही फरक एवढाच, तर निवड करून तो आभाळाएवढा कसा होईल? तरीही दिवसाचा एक तास आणि थोडं हलकं मन ही माझ्या लेखी छोटी कमाई नाही.

पण झोप उडालेली असेल, कशातच रस वाटत नसेल, आणि फोन बाजूला ठेवूनही दोन-तीन आठवडे हेच चालू असेल, तर दोष फीडमध्ये शोधत बसू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही समुपदेशन सेवा ऑक्टोबर २०२२पासून १४४१६ या क्रमांकावर चालू आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते, आणि तिथे मराठीतून बोलता येतं.