तास विनियमात, मोबदला ज्ञापनात

विद्यापीठ अनुदान आयोगाने ७ नोव्हेंबर २०२२ रोजी पीएच.डी.विषयीचे नवे विनियम अधिसूचित केले, तेव्हा चर्चा झाली ती एम.फिल. बंद झाल्याची आणि प्रबंधापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती उठल्याची. याच विनियमांतील एका वाक्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. संशोधक विद्यार्थ्याला दर आठवड्याला चार ते सहा तास अध्यापन किंवा संशोधन साहाय्याचे काम देता येईल आणि त्यात शिकवणी वर्ग, प्रयोगशाळेतील प्रात्यक्षिके व मूल्यमापन यांचा समावेश असेल, असे ते वाक्य सांगते. तास ठरले, कामे ठरली. या कामाचा मोबदला किती, तो कोणी द्यायचा आणि न मिळाल्यास दाद कोणाकडे मागायची, याविषयी विनियमांत अवाक्षर नाही.

संसदीय कामकाजाशी ज्यांचा संबंध येतो त्यांना या मौनातील गंमत लगेच लक्षात येईल. अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील कलम २८ नुसार आयोगाचे विनियम दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवावे लागतात. एखाद्या सदस्याने मनावर घेतले तर तो त्यात दुरुस्ती सुचवू शकतो, आणि दुय्यम विधानविषयक समितीही त्यांची छाननी करू शकते. संशोधकाला मिळणाऱ्या रकमेचे तसे नाही. ती ठरते विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या कार्यालयीन ज्ञापनाने, आणि तोच आकडा पुढे अनुदान आयोग, शिक्षण मंत्रालय व इतर विभाग उचलतात. ज्ञापन पटलावर येत नाही. म्हणजे विद्यार्थ्याने किती काम करावे हा प्रश्न संसदेच्या नजरेखाली आहे, आणि त्याबद्दल त्याला काय मिळावे हा प्रश्न अवर सचिवाच्या सहीखाली.

ही व्यवस्था प्रत्यक्षात कशी चालते हे पाहायला चेन्नईइतके सोयीचे शहर नाही. येथे केंद्राची आयआयटी आणि राज्याचे अण्णा विद्यापीठ हाकेच्या अंतरावर आहेत, आणि मरीना किनाऱ्यावर मुंबईच्याच वयाचे, १८५७ चे मद्रास विद्यापीठ उभे आहे. यांपैकी आयआयटी अनुदान आयोगाच्या कक्षेत येत नाही. तिचा कारभार १९६१ च्या स्वतंत्र कायद्याने चालतो. तरीही विद्यार्थ्यांकडून काम घेण्याची रीत तेथेच सर्वाधिक रुळलेली आहे. सांगली, नांदेड, अमरावतीची मुले ‘गेट’ देऊन तेथे एम.टेक.ला जातात, तेव्हा त्यांना मिळणाऱ्या रकमेचे अधिकृत नाव असते ‘हाफ टाइम टीचिंग असिस्टंटशिप’, आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यासाठी ‘हाफ टाइम रिसर्च असिस्टंटशिप’. या ‘अर्ध्या वेळेचा’ हिशेब आठवड्याला आठ तासांचा धरला जातो. प्रयोगशाळेतील तुकडी सांभाळणे, उत्तरपत्रिका तपासणे, परीक्षेला पर्यवेक्षण, यंत्रसामग्रीची देखरेख ही ती कामे. आठ तास कागदावर आहेत. नवव्या तासाचे काय, याला कागदावर उत्तर नाही.

आयआयटीच्या कायद्यातच या दुय्यमत्वाचे मूळ सापडते. शिक्षक आणि कर्मचारी यांच्या सेवाशर्ती ‘परिनियमां’नी ठरतात, आणि परिनियमांना कुलाध्यक्ष या नात्याने राष्ट्रपतींची संमती लागते. अधिछात्रवृत्ती कोणत्या अटींवर द्यायची हे मात्र ‘अध्यादेशां’नी ठरते (राष्ट्रपती काढतात तो अध्यादेश नव्हे, विद्वत्सभा करते तो). एकाच प्रयोगशाळेत एकाच तुकडीसमोर उभे असलेल्या प्राध्यापक, तंत्रज्ञ आणि विद्यार्थी-साहाय्यक यांपैकी तिसऱ्याचे स्थान विद्वत्सभेच्या इच्छेवर आहे. ही इच्छा किती पातळ असू शकते हे सप्टेंबर २०१९ मध्ये दिसले. आयआयटी परिषदेने एम.टेक.चे शुल्क बी.टेक.च्या पातळीवर नेण्याची आणि दरमहा १२,४०० रुपयांचे विद्यावेतन थांबवण्याची भूमिका घेतली. विरोध झाल्यावर आधीपासून शिकत असलेल्यांना झळ बसणार नाही, असा खुलासा मंत्रालयाला करावा लागला. कर्मचाऱ्याचे वेतन एका बैठकीत थांबवण्याचा विचार कोणी केला नसता.

आकड्यांकडे वळू, कारण सरकारी सेवेतील वाचकाला ते सर्वांत लवकर पटतात. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती ऑक्टोबर २०१४ पासून २५,००० रुपये होती. ती जानेवारी २०१९ पासून ३१,००० झाली आणि जानेवारी २०२३ पासून ३७,०००. शेवटच्या दोन टप्प्यांमधील वाढ सुमारे १९ टक्के. याच चार वर्षांत केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता १२ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेला, म्हणजे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून झालेली वाढ सुमारे २७ टक्के. आणि तीही मधली दीड वर्षे करोनामुळे भत्ता गोठवलेला असताना. कर्मचाऱ्याची वाढ दर सहा महिन्यांनी आपोआप होते. संशोधकाची वाढ ज्ञापनाची वाट पाहते, आणि ज्ञापन रस्त्यावरच्या घोषणांची. २०१९ ची वाढ देशभरातील संशोधकांनी अनेक महिने आंदोलन केल्यानंतर आली; २०२३ ची जूनमध्ये निघाली आणि मागील तारखेपासून लागू झाली.

या ज्ञापनांचा मजकूर वाचताना सरकारी भाषेची दुहेरी चाल लक्षात येते. संशोधकाला घरभाडे भत्ता केंद्रीय नियमांप्रमाणे मिळतो, नैमित्तिक रजा मिळते, स्त्री संशोधकांना प्रसूती रजाही मिळते. येथपर्यंत तो कर्मचाऱ्यासारखा. महागाई भत्ता, बोनस, उपदान, रजा प्रवास सवलत मात्र नाही. येथून तो विद्यार्थी. खर्च वाढवणाऱ्या प्रत्येक वळणावर त्याला विद्यार्थी ठरवले जाते आणि काम वाढवणाऱ्या प्रत्येक वळणावर साहाय्यक.

त्यातही एकवाक्यता नाही. २०१८ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्तीची रक्कम ७०,००० रुपयांपासून सुरू होऊन ८०,००० पर्यंत जात होती, आणि तिच्या मानकऱ्याने आठवड्यातून एकदा एखाद्या तंत्रनिकेतनात किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवावे अशी अपेक्षा होती. तेव्हा एकाच विभागात, जवळपास एकाच प्रकारचे शिकवण्याचे काम करणारे तिघे ७०,०००, ३१,००० आणि १२,४०० रुपये घेत होते. यामागे गुणवत्तेचा निकष आहे हे मान्य. पण तो निकष प्रवेशाच्या वेळचा, कामाचा नव्हे.

कायद्याने या मुलांना काय मानावे? सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या प्रकरणात शिक्षण हा उद्योग नव्हे असे म्हटले. १९७८ मध्ये बंगलोर पाणीपुरवठा प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने ती भूमिका बाजूला सारून विद्यापीठांनाही उद्योगाच्या व्याख्येत आणले. त्यानंतर प्रश्न उरला शिक्षकांचा, आणि तो सुटला गोव्याच्या एका खटल्यात. कारांझाळे येथील शाळेतून कमी करण्यात आलेल्या शिक्षिका ए. सुंदरम्बल यांच्या प्रकरणात न्यायालयाने १९८८ मध्ये निर्णय दिला: शाळा उद्योग असली तरी शिक्षक ‘कामगार’ नाही, कारण विद्यादान हे अंगमेहनतीचे, कारकुनी वा तांत्रिक काम नव्हे. शिक्षकांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र कायदा करावा, असेही न्यायालयाने तेव्हा सुचवले होते. औद्योगिक विवाद कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहितेने घेतली. तिच्या ‘कामगार’ व्याख्येत श्रमिक पत्रकारांचा नाव घेऊन समावेश आहे, शिक्षकांचा नाही. मग शिक्षकाच्या हाताखाली प्रात्यक्षिके घेणाऱ्या विद्यार्थ्याला कोण विचारतो? पूर्णवेळ शिक्षकाला निदान सेवा नियम आणि न्यायाधिकरणे आहेत. त्याच्या साहाय्यकाला मार्गदर्शक आहे, आणि बहुतेकदा तक्रार असते ती त्याच मार्गदर्शकाविषयी.

हे सारे चेन्नईत घडावे याला एक वेगळा संदर्भ आहे. १९१८ च्या एप्रिलमध्ये याच शहरात बी. पी. वाडिया आणि तिरु वि. कल्याणसुंदरम यांनी बकिंगहॅम व कर्नाटिक गिरण्यांच्या कामगारांची मद्रास लेबर युनियन स्थापन केली, ती देशातील पहिली संघटित कामगार संघटना मानली जाते. मालकांनी तिच्या नेत्यांना मद्रास उच्च न्यायालयात खेचले, आणि त्या वादाने कामगार संघटनांना कायद्याचे संरक्षण हवे ही मागणी पुढे रेटली. १९२६ चा कायदा त्यातून आला. कामगाराला कायद्यात नाव मिळवून देणाऱ्या या शहरात गिंडीच्या विद्यार्थी-साहाय्यकाला अजून नावच नाही. तमिळमध्ये त्याच्या रकमेला ‘उदवित्तोगै’ म्हणतात, म्हणजे मदतीची रक्कम. मराठीतला ‘विद्यावेतन’ हा शब्द अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल. त्यात वेतन उघड उच्चारलेले आहे.

येथे मराठी वाचकाला कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा व शिका’ योजना आठवणे साहजिक आहे. रयत शिक्षण संस्थेने ही कल्पना साताऱ्यात रुजवली आणि पुढे महाराष्ट्रातील विद्यापीठांनी ती विद्यार्थी विकासाच्या कार्यक्रमात घेतली. विद्यार्थ्यांनी काम करावे यात गैर काय, असा प्रश्न याच परंपरेतून विचारला जातो. फरक कामाच्या मुळाशी आहे. ‘कमवा व शिका’त गरज विद्यार्थ्याची असते आणि संस्था त्याच्यासाठी काम शोधते. ग्रंथालयातली पुस्तके त्याने लावली नाहीत तर ती उद्या कोणी लावील. आयआयटीतील दुसऱ्या वर्षाच्या प्रयोगशाळेचे तसे नाही. साहाय्यक आले नाहीत तर तास होणार नाही, कारण अध्यापकांची रिक्त पदे हे केंद्रीय शिक्षणसंस्थांचे जुने दुखणे आहे. तेथे गरज संस्थेची आहे.

प्रशासनाची बाजू सरसकट खोटी नाही. शिकवणे हा संशोधकाच्या घडणीचा भाग आहे, आणि सहा वर्षांनी प्राध्यापक होऊ पाहणाऱ्याने फळ्यापाशी उभे राहायलाच हवे. शिवाय या रकमेला ‘वेतन’ म्हटले तर शिष्यवृत्तीला मिळणारी प्राप्तिकराची सूट धोक्यात येईल, नियुक्तीच्या प्रक्रिया लागू होतील, आणि संस्था साहाय्यकांची संख्याच कमी करतील. ही भीती अनाठायी नाही. पण विद्यार्थी आणि कर्मचारी यांच्यामध्ये तिसरी पायरी नसते, हे गृहीतक मात्र चुकीचे आहे. आणि त्याचा पुरावा आयआयटीजवळ तारामणी येथेच आहे.

तारामणीत दक्षिण विभागाचे शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळ आहे. ते १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली पदवीधर व पदविकाधारकांच्या प्रशिक्षणाचे काम पाहते. या कायद्याचे कलम १८ निःसंदिग्धपणे सांगते की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. म्हणजे प्रशासनाला हवे ते सारे यात आहे. तरीही तोच कायदा त्याच्या आरोग्य व सुरक्षिततेची तरतूद करतो, कामाचे तास आणि रजा ठरवतो, अपघात झाल्यास मालकाला भरपाई द्यायला लावतो, आणि कलम २० नुसार वाद निर्माण झाला तर तो शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे नेता येतो, त्यावर अपीलही करता येते. किमान विद्यावेतन नियमांत लिहिलेले असते. २०१९ च्या दुरुस्तीने पदवीधरांसाठी ते ९,००० रुपये झाले. रक्कम तुटपुंजी आहे, पण ती मागण्याचा हक्क आहे. गिंडीतील साहाय्यकाला चौपट रक्कम मिळत असेल. प्रयोगशाळेत हात भाजला तर त्याची भरपाई संस्थेच्या सौजन्यावर.

परदेशात मुले असलेल्या घरांना हा विषय नवा नाही. अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर सत्र सुरू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत विद्यापीठाच्या आवारात काम करता येते. तेथील राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाने २०१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात विद्यार्थी-साहाय्यक हे कर्मचारीही असू शकतात असे ठरवले, आणि २०२२ च्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठात सुमारे ४८,००० शैक्षणिक कर्मचाऱ्यांनी, ज्यांत मोठा भाग विद्यार्थ्यांचाच होता, सहा आठवडे संप केला. आयआयटी मद्रासची १९५९ मधील उभारणी ज्या पश्चिम जर्मनीच्या साह्याने झाली, त्या देशाचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे. बर्लिनमध्ये विद्यार्थी-साहाय्यकांसाठी स्वतंत्र सामूहिक वेतनकरार आहे. जर्मन प्रयोगशाळा आपण घेतल्या, त्या चालवणाऱ्यांचा करार घेतला नाही.

तमिळनाडूत उच्च शिक्षणाचे राजकारण गेली काही वर्षे कुलगुरूंच्या नियुक्तीभोवती फिरत आले आहे. मद्रास विद्यापीठाच्या कुलगुरूंची मुदत ऑगस्ट २०२३ मध्ये संपली आणि राजभवन व राज्य सरकार यांच्या वादात कारभार समितीकडे गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्राप्तिकर खात्याने विद्यापीठाची बँक खाती गोठवली. राज्याच्या अधिकारांसाठी भांडणारे द्रविड पक्ष आणि केंद्राचे समर्थक दोघेही शिक्षण हा समवर्ती सूचीतील विषय असल्याचा आपापला अर्थ लावतात. कामगार कल्याणही त्याच सूचीत आहे, ही आठवण मात्र कोणाच्याच भाषणात येत नाही. राज्य सरकारला वाटले तर आपल्या विद्यापीठांतील साहाय्यकांचे तास, दर आणि तक्रार यंत्रणा यांचे नियम ते स्वतः करू शकते. दिल्लीच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही.

दिल्लीत करायचे काम त्याहून लहान आहे. २०२२ च्या विनियमांत जेथे चार ते सहा तासांचा उल्लेख आहे, तेथे तीन उपकलमे जोडता येतील: कामाच्या तासांची नोंदवही ठेवावी, अधिछात्रवृत्ती नसलेल्या संशोधकाला या तासांचा ठरलेला दर मिळावा, आणि तक्रार मार्गदर्शकाच्या विभागाबाहेरील अधिकाऱ्याने ऐकावी. यासाठी विधेयक लागत नाही, आयोगाची दुरुस्ती अधिसूचना पुरते. आणि कलम २८ मुळे तीही दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवावीच लागेल.