घराचा नकाशा आणि छापील पत्रक

घर बांधून उभें राहण्यापूर्वींच तें विकत घेण्याची रीत आतां मोठ्या शहरांत सर्रास रूढ झाली आहे. नवी मुंबईंत ती विशेष दिसते, आणि त्यांत एक प्रकारचें औचित्यहि आहे. कारण हें सबंध नगरच प्रथम कागदावर उभें राहिलें. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनीं १९६५ सालीं 'मार्ग' मासिकांत खाडीपलीकडील या नगराची योजना मांडली, आणि १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडको महामंडळानें ती प्रत्यक्षांत आणावयास घेतली. आज खारघर, उलवे किंवा पनवेल येथें घर पाहूं जाणाऱ्या कुटुंबाच्या हातीं प्रथम पडतें तें एक गुळगुळीत छापील पत्रक. त्यावर इमारतीचें रंगीत चित्र असतें आणि आंतील पानावर घराचा नकाशा असतो. चित्र मनाला भुरळ घालण्यासाठीं असतें. नकाशा मात्र वाचावयाचा असतो. परंतु पुष्कळ पत्रकांत नेमका नकाशाच धूसर छापलेला आढळतो. रेषा फुटलेल्या असतात, आंकडे पुसट असतात. असें कां होतें व तें कसें टाळावें, याचा येथें विचार करूं.

प्रथम, धूसरपणानें बिघडतें काय तें पाहिलें पाहिजे. समजा, निजावयाच्या खोलीची रुंदी २.८५ मीटर आहे, आणि पत्रकांत त्यांतला ८ हा आंकडा ३ सारखा दिसूं लागला. खोलींत १.९० मीटर लांबीचा पलंग रुंदीच्या दिशेनें मांडला, तर पहिल्या हिशेबानें पायथ्याशीं ९५ सेंटिमीटर वाट उरते. दुसऱ्या हिशेबानें अवघी ४५. कपाटाचें दार उघडेल कीं नाहीं, हें या एका आंकड्यावर ठरतें. खोलीची लांबी ३.३० मीटर धरली तर क्षेत्रफळांत सुमारें १८ चौरस फुटांचें अंतर पडतें. आणि घराची किंमत तर चौरस फुटावर मोजली जाते.

आतां मूळ कारणाकडे वळूं. आर्किटेक्ट संगणकावर नकाशा काढतो तेव्हां संगणक रेषेचें चित्र सांठवीत नाहीं. रेषा कोठून निघाली, कोठें संपली व किती जाड आहे, एवढेंच तो टिपून ठेवतो. त्यामुळें ती कितीहि मोठी केली तरी स्वच्छच राहते. छायाचित्राची गोष्ट निराळी. तें ठराविक संख्येच्या रंगीत ठिपक्यांचें बनलेलें असतें. रांगोळीची आकृति जिला पाठ आहे ती गृहिणी तीच आकृति पाटाभोंवतींहि काढील आणि अंगणभरहि काढील. परंतु एकदां घातलेल्या रांगोळीचे ठिपकेच उचलून दूरदूर मांडले, तर मधली भुई दिसूं लागणारच. नकाशा रेषारूपांतून ठिपक्यांच्या रूपांत गेला कीं त्याची हीच गत होते.

म्हणून पहिला नियम असा कीं, नकाशा छापखान्यापर्यंत रेषारूपांतच जावा. नकाशा ज्या प्रोग्रॅममध्यें काढला, त्यांतूनच तो थेट पीडीएफ रूपांत बाहेर काढला म्हणजे रेषा रेषाच राहतात. अक्षरांचे टाइपहि त्यांत अंतर्भूत करून घ्यावे. मात्र ठिपक्यांचें चित्र पीडीएफमध्यें चिकटविल्यानें त्याच्या रेषा होत नाहींत. याची परीक्षा सोपी आहे. पडद्यावर नकाशा आठपट मोठा करून पाहावा. रेषेची कड स्वच्छ राहिली तर ठीक. ती जिन्यासारखी पायरीपायरीची दिसली तर तेथें ठिपके आहेत असें समजावें.

कांहीं कारणानें ठिपक्यांचेंच चित्र देणें भाग पडलें, तर ठिपके पुरेसे हवेत. छपाईसाठीं इंचास ३०० ठिपके हें सामान्य प्रमाण आहे. बारीक रेषांच्या नकाशाला ६०० असलेले बरे. ए-४ आकाराचें पूर्ण पान ३०० च्या प्रमाणानें भरावयाचें तर २४८० बाय ३५०८ ठिपके लागतात. कागदावर २ मिलिमीटर उंचीचा आंकडा या प्रमाणांत सुमारें २४ ठिपके उंच होतो. तोच इंचास ७२ ठिपक्यांच्या चित्रांत जेमतेम ५-६ ठिपक्यांचा उरतो, आणि एवढ्या थोड्या ठिपक्यांत ३ आणि ८ यांचा भेद नीट दाखवितां येत नाहीं. चित्र मागाहून ताणून मोठें केल्यानें गेलेला तपशील परत येत नाहीं.

चित्राचें स्वरूपहि पाहून निवडावें. जेपेग ही पद्धति छायाचित्रांसाठीं योजलेली आहे. ती चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून डोळ्यांस न जाणवणारा बारकावा गाळते. चेहऱ्याच्या किंवा आकाशाच्या चित्रांत तें खपून जातें. पण काळ्या रेषेच्या आजूबाजूस करडे डाग पडतात, आणि प्रत पुन्हां पुन्हां सांठविली कीं ते वाढत जातात. पीएनजी पद्धतींत कांहींच गाळलें जात नाहीं, म्हणून नकाशास ती योग्य. व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून धाडलेला नकाशा वाटेंतच आंवळला जातो. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून धाडला तर जसाच्या तसा पोंचतो.

येथवर केवळ प्रत राखण्याची गोष्ट झाली. परंतु निर्दोष प्रतहि कधीं कधीं वाचतां येत नाहीं. बांधकामाचा नकाशा ए-१ कागदासाठीं काढलेला असतो. तो ए-४ वर आणला म्हणजे प्रत्येक माप सुमारें २.८ पटींनीं घटतें. अडीच मिलिमीटरचा आंकडा एक मिलिमीटरहूनहि लहान होतो. तेव्हां पत्रकासाठीं नकाशा नव्यानें मांडावा, आंकडे मोठे करावे आणि गवंड्याच्या उपयोगाच्या बारीक खुणा वगळाव्या. रेषा फक्त काळ्या शाईंतच छापाव्या. चार शाया एकावर एक चढवून काळा रंग साधूं गेल्यास कागद किंचित् सरकतांच रेषेला रंगीत किनार येते.

पुसट आंकड्याहून भयंकर वस्तु एकच, ती म्हणजे स्पष्ट पण खोटा आंकडा. २०१३ सालीं डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकशास्त्रज्ञास असें आढळलें कीं, झेरॉक्स कंपनीच्या कांहीं यंत्रांतून घराचा नकाशा काढला असतां खोल्यांचीं क्षेत्रफळें बदलत होतीं. मूळ नकाशावर तीन खोल्यांस १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर असे आंकडे होते. प्रतींत तिन्ही ठिकाणीं १४.१३ उमटलें. जागा वांचविण्यासाठीं यंत्र सारख्या दिसणाऱ्या आकृत्यांऐवजीं एकच आकृति वापरीत होतें. पुढें कंपनीनें त्यावर दुरुस्ती पुरविली. धूसर चित्र आपोआप 'सुधारून' देणाऱ्या आजच्या साधनांकडेहि याच सावधगिरीनें पाहिलें पाहिजे. तीं साधनें रेषेचा केवळ अंदाज बांधतात.

कायद्याच्या दृष्टीनेंहि या रेषांस अर्थ आहे. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाप्रमाणें चटई क्षेत्रांत आंतल्या भिंती धरल्या जातात, बाहेरच्या धरल्या जात नाहींत. बाल्कनीहि धरली जात नाहीं. माप भिंतीच्या कोणत्या कडेपासून घेतलें हें नकाशांत दिसलेंच पाहिजे. त्याच अधिनियमाच्या १२ व्या कलमानुसार, जाहिरातींतील किंवा माहितीपत्रकांतील असत्य मजकुरावर विसंबून पैसे भरणाऱ्याचें नुकसान झाल्यास विकासकास भरपाई द्यावी लागते. १ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रांत जाहिरातींवर महारेराचा क्यूआर कोडहि छापावा लागतो. तोहि काळ्यापांढऱ्या चौकोनांचाच नकाशा होय. तो फार लहान, धूसर किंवा सभोंवतीं कोरी जागा न सोडतां छापला तर मोबाईलला वाचतां येत नाहीं.

हा कोड घर घेणाऱ्याच्या मोठ्या उपयोगाचा आहे. त्यावरून प्रकल्पाची नोंदलेली माहिती पाहावी, मंजूर नकाशा मागून घ्यावा, आणि पत्रकांतील प्रत्येक खोलीचें माप त्याशीं ताडून पाहावें. जो आंकडा वाचतां येत नाहीं त्याचा तर्क न करतां तो लेखी मागावा. पत्रक काढणाऱ्यानेंहि छापण्यापूर्वीं एक प्रत खऱ्या आकारांत काढून ती नकाशाशीं ज्याचा संबंध आलेला नाहीं अशा माणसाच्या हातीं द्यावी. त्याला चष्मा लावून सर्व आंकडे न अडखळतां वाचतां आले, तरच तें पत्रक छापावयास योग्य झालें. त्यावर कोणी तरी आपली आयुष्याची पुंजी लावणार असतो.