पाऊस इगतपुरीत, पूर सायखेड्यात



नाशिकच्या गोदाघाटावर दुतोंड्या मारुती उभा आहे. पावसाळ्यात शहरातला माणूस विचारतो, ‘पाणी मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला?’ पूर मोजायची ही रीत जुनी आणि सोपी आहे. पण तिच्यावरून कळतं ते आलेलं पाणी. येणाऱ्या पाण्याचा धोका कसा ओळखायचा, आणि पाणी ओसरल्यावर हाती काय राहील याची तजवीज आधी कशी करायची, ते आज पाहू.

आधी आपल्या जिल्ह्याचा उतार ध्यानात घ्या. पश्चिमेला इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. निफाडला त्याचा चौथा हिस्साही पडत नाही. घाटमाथ्याचं हे पाणी गोदावरी आणि दारणा खाली आणतात, आणि दोघी निफाड तालुक्यात एकत्र येतात. पुढं नांदूर मध्यमेश्वरला कादवा मिळते. तिथला बंधारा शंभर वर्षांहून जुना, गाळानं बराच भरलेला. त्यामुळं पाण्याला फुगवटा येतो. सायखेडा, चांदोरी ही गावं याच पट्ट्यात आहेत. २०१६ आणि २०१९ या दोन्ही वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांना पाण्यानं वेढलं. तेव्हा आपल्या अंगणातला पाऊस पाहून पुराचा अंदाज बांधू नका. वर काय पडतंय, ते विचारा.

कुणी म्हणेल, ‘वर धरण आहे की!’ आहे खरं. गंगापूर धरण १९६५ साली पुरं झालं. तरीही सप्टेंबर १९६९ मध्ये नाशिकला महापूर आला, आणि सप्टेंबर २००८ मध्ये पुन्हा मोठा पूर आला. याचं कारण असं, की धरण भरेपर्यंतच पाणी अडवतं. श्रावण-भाद्रपदात ते भरलेलं असलं, म्हणजे येईल ते पाणी खाली सोडावंच लागतं. शिवाय धरणाच्या खाली पडणारा पाऊस थेट नदीत येतो, तो वेगळाच. विसर्ग ‘क्युसेक’मध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे अठ्ठावीस लिटर. दहा हजार क्युसेक सोडलं असं ऐकलं, तर दर सेकंदाला दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर नदीत रिकामे होताहेत असं समजा.

आता पूररेषा. पाटबंधारे खातं नदीकाठी दोन रेषा आखतं. सरासरीनं पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी, आणि शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल. इथं पुष्कळांची गफलत होते. ‘शंभर वर्षांचा पूर येऊन गेला, आता नातवंडांपर्यंत काळजी नाही,’ असं म्हणतात. तसं नाही, बरं का. पिशवीत शंभर चिंचोके घ्या आणि एकाला चुना लावा. दरसाल न बघता एक काढायचा आणि परत टाकायचा. यंदा चुन्याचा निघाला, म्हणून पुढल्या साली तो निघणार नाही असं थोडंच आहे? हिशेब केला तर तीस वर्षांत लाल रेषेवरच्या घराला पाणी लागण्याची शक्यता चारांत एक एवढी होते, आणि निळ्या रेषेवरच्या घराला दहांत सात.

एवढा धोका असेल, तर विम्याचा विचार करायला हवा. पण कोणता विमा कशाला उपयोगी, हे नीट समजून घ्या.

पहिला पीकविमा. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून आहे. आपल्या राज्यात २०२३ पासून एका रुपयात मिळणारा हा विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला आणि शेतकऱ्याचा हप्ता पुन्हा सुरू झाला. त्याच हंगामात भरपाई मंडलातल्या पीककापणी प्रयोगांवर ठरू लागली. याचा अर्थ काय? नदीकाठचं तुमचं सोयाबीन बुडालं, पण मंडलाची सरासरी चांगली आली, तर हाती काही न लागण्याचा संभव असतो. द्राक्षाचा विमा हवामान केंद्राच्या नोंदींवर चालतो. इगतपुरीहून वाहत आलेलं पाणी निफाडच्या पर्जन्यमापकात दिसत नाही. म्हणून हप्ता भरण्याआधी एकच प्रश्न विचारा : ‘शेतात पुराचं पाणी साचलं, तर माझ्या एकट्याच्या शेताची पाहणी होईल का?’ नियम बदलत असतात, म्हणून हा प्रश्न दर हंगामाला विचारा.

दुसरा घराचा. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ हा विमा मिळतो. त्यात आगीबरोबर पूरही धरलेला आहे. घराची रक्कम लिहिताना जागेची किंमत धरू नका, पुन्हा बांधायचा खर्च धरा. चाळीतला विक्रीचा कांदा मात्र घरसामानात मोडत नाही. त्याचं वेगळं विचारा. गाईम्हशींचा विमा असेल, तर कानातला बिल्ला शाबूत ठेवा. त्याच्याशिवाय दावा अडतो.

पंचनाम्यानंतर मिळते ती सरकारी मदत. ती सरकारी दरानं मिळते, तुमच्या नुकसानाच्या किमतीनं नव्हे. विमा हा करार आहे, आणि तो पाणी येण्यापूर्वीच करावा लागतो. त्याचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उंचावर ठेवा. एक नक्कल वरच्या गावातल्या सोयऱ्याकडं द्या. घराचे, गोठ्याचे फोटो पावसाळ्याआधीच काढून ठेवा.

शिक्षकमित्रांनो, तुमच्याकडं एक मागणं आहे. मुलांना घेऊन गावातून फेरी काढा. १९६९ ला, २००८ ला, २०१९ ला पाणी कुठवर आलं, ते म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारा आणि त्या त्या भिंतीवर रंगानं खूण करून साल लिहा. नंतर गावाच्या नकाशावर त्या खुणा जोडा. त्या खुणांच्या आत किती घरं, किती गोठे आहेत ते मुलांनीच मोजावं, आणि तो कागद ग्रामसभेत वाचून दाखवावा. नवं घर कुठं बांधायचं आणि कुणी आधी विमा उतरवायचा, हे ठरवायला गावाला त्याचा उपयोग होईल.