आवाज कुठे अडला? : लिनक्स लॅपटॉप आणि मुका हेडफोन



उसाच्या फडाला पाणी पोहोचले नाही, म्हणून शहाणा शेतकरी लगेच नवी विहीर खणायला घेत नाही. खांद्यावर खोरे टाकून तो पाटाच्या कडेकडेने चालू लागतो. विहिरीत पाणी आहे ना? पंप चालतोय ना? दारे नीट मोडले आहे ना? की मध्येच पाट फुटून पाणी शेजाऱ्याच्या वाफ्यात चालले आहे? लॅपटॉपला हेडफोन लावला आणि कानात काहीच आले नाही, तर आपल्यालाही नेमके हेच करायचे असते. पाटाच्या कडेने चालायचे आणि पाणी कुठे अडले ते पाहायचे.

आता लिनक्स म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. संगणकाचा सारा कारभार पाहणारी जी मूळ प्रणाली असते, तिचा हा एक प्रकार. 1991 साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला आणि जगाला मोकळा करून दिला. आपल्या देशात सी-डॅक या सरकारी संस्थेने 2007 मध्ये ‘बॉस’ या नावाची लिनक्सची भारतीय आवृत्ती काढली. सी-डॅकचे मुख्यालय पुण्यात. बॉसचे काम मात्र मुख्यतः चेन्नई केंद्रात झाले. लिनक्सला विकत परवाना लागत नाही आणि जुन्या यंत्रावरही ते बऱ्यापैकी चालते. म्हणून शाळेत आलेल्या जुन्या लॅपटॉपवर शिक्षक ते घालून घेतात.

कुणी म्हणेल, हेडफोनचा आवाज गेला तर एवढे काय बिघडले? पण असे बघा. वर्गात एखादा दृष्टिहीन मुलगा आहे. लिनक्समध्ये ‘ओर्का’ नावाचा कार्यक्रम असतो. तो पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो आणि त्याला मराठी बोलणाऱ्या आवाजाची जोड देता येते. वर्गात इतरांना त्रास नको म्हणून हा मुलगा हेडफोन लावूनच काम करणार. त्याच्या दृष्टीने आवाज बंद म्हणजे पडदाच बंद! अशा वेळी तालुक्याच्या गावाहून कारागीर येईपर्यंत आठ दिवस थांबायचे, की दहा मिनिटांत दोष शोधायचा, हे शिक्षकाच्या हातात असते.

आता आवाजाचा पाट पाहू. संगणकात आवाज आकड्यांच्या रूपात असतो. सीडीच्या प्रतीच्या आवाजात दर सेकंदाला, प्रत्येक कानासाठी, 44,100 आकडे लागतात. गाणे वाजवणारा कार्यक्रम ही आपली विहीर. तिथून आकडे निघतात ते ध्वनीची वाटणी करणाऱ्या कार्यक्रमाकडे. हा जणू पाटकरी. जुन्या यंत्रांत त्याचे नाव ‘पल्सऑडिओ’, नव्या यंत्रांत ‘पाइपवायर’. कुठल्या कार्यक्रमाचा आवाज कुठल्या वाटेने सोडायचा, हे तो ठरवतो. त्याच्या खाली ‘अल्सा’ हा थर असतो. तो प्रत्यक्ष यंत्राशी बोलतो. मग एक छोटी चिप आकड्यांचे विजेच्या लहरींत रूपांतर करते आणि त्या लहरी खाचेतून, तारेतून हेडफोनमध्ये पोहोचतात. या वाटेवर प्रत्येक ठिकाणी एकेक दार आहे, आणि कोणतेही एक दार बंद राहिले तरी परिणाम एकच, शांतता. म्हणून अंदाजाने कुठलीही कळ दाबत बसण्यापेक्षा क्रमाने जावे.

सुरुवात सगळ्यात स्वस्त ठिकाणापासून करा, म्हणजे हेडफोनपासून. तो दुसऱ्या यंत्राला, मोबाइलला किंवा रेडिओला लावून बघा. तिथेही मुका असेल तर दोष हेडफोनमध्येच आहे, बहुधा तार तुटलेली आहे. लॅपटॉपला दोष देऊ नका. तिथे वाजला, तर लॅपटॉपकडे वळा. पिन पूर्ण आत गेली आहे का? आपल्याकडे धूळ फार. खाचेत कचरा बसला की पिन अर्धवट बसते. लॅपटॉप बंद करून कोरड्या, मऊ ब्रशने खाचेचे तोंड झाडा. आत टाचणी किंवा सुई मुळीच घालू नका. आतल्या नाजूक पट्ट्या वाकतात.

मग पिन काढून लॅपटॉपचा स्वतःचा स्पीकर वाजतो का ते ऐका. ही खूण फार मोलाची आहे, बरं का. स्पीकर वाजतो आणि हेडफोन वाजत नाही, याचा अर्थ विहीर आणि पंप ठीक आहेत, दोष शेवटच्या वाफ्याजवळ आहे. दोन्ही मुके असतील तर दोष बहुधा वरच्या अंगाला आहे. एका प्रश्नात निम्मा पाट तपासून झाला!

यानंतर ‘सेटिंग्ज’मध्ये ‘साउंड’ उघडा आणि ‘आउटपुट’ या ठिकाणी कोणते नाव निवडले आहे ते वाचा. पुष्कळदा इथेच चोर सापडतो. काल शाळेत प्रोजेक्टर जोडला होता. त्याच्या एचडीएमआय तारेतून आवाजही जातो. प्रोजेक्टर काढला, पण निवड तशीच राहिली. आवाज जातो आहे, पण तिथे कुणी ऐकणाराच नाही. पाणी शेजाऱ्याच्या वाफ्यात चालले आहे, दुसरे काय? तिथे ‘हेडफोन’ निवडले की काम झाले.

तरीही शांतता असेल तर ‘पॅव्हूकंट्रोल’ हा कार्यक्रम उघडा. नसल्यास तो फुकट घालून घेता येतो. त्यात ‘प्लेबॅक’ या पानावर चालू गाण्याची पट्टी हलताना दिसते का बघा. पट्टी हलते म्हणजे विहिरीतून पाणी निघाले आहे. ‘आउटपुट डिव्हायसेस’ या पानावर, पिन आत असूनही हेडफोनच्या नावापुढे ‘अनप्लग्ड’ असे दिसत असेल, तर पिन आत आल्याची वर्दी खाचेकडून मिळालेली नाही. कारण बहुधा धूळ, अर्धवट पिन किंवा झिजलेली खाच.

पुढचे दार म्हणजे अल्सा. टर्मिनल उघडून इंग्रजीत ‘अल्सामिक्सर’ असे टंकित करा: ए, एल, एस, ए, आणि मध्ये जागा न सोडता लगेच मिक्सर. मग एफ-6 ही कळ दाबून खरे साउंड कार्ड निवडा. नाही तर नव्या यंत्रांत नुसती एकच पट्टी दिसते आणि माणूस गोंधळतो. आता ‘हेडफोन’ आणि ‘मास्टर’ या पट्ट्या पाहा. पट्टीखाली दोन ‘एम’ असतील तर ते दार बंद आहे. त्या पट्टीवर जाऊन एम ही कळ दाबा, म्हणजे त्या जागी दोन शून्ये येतात आणि दार उघडते. आता वरच्या बाणाने आवाज हळूहळू वाढवा. मात्र त्या वेळी हेडफोन कानावर ठेवू नका. शोधाशोधीत सगळ्या पट्ट्या वर गेलेल्या असतात आणि दार उघडताच कानाचे पडदे हादरतील असा आवाज येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते लहान मुलांनी आठवड्याला 40 तास ऐकायचे तर आवाज 75 डेसिबलच्या पुढे नको, मोठ्यांनी 80 च्या पुढे नको.

एक दोष मात्र भल्याभल्यांना चकवतो. मुळशीकडच्या एका शिक्षकांनी आमच्या महाविद्यालयात लॅपटॉप आणला. तक्रार अशी, की पेटी-तबला ऐकू येतो, पण गाणाऱ्याचा गळाच ऐकू येत नाही! हेडफोन मोबाइलचा, मायक्रोफोन असलेला होता. अशा पिनेवर तीन काळ्या रेघा आणि चार धातूचे भाग असतात: डावा कान, उजवा कान, परतीची तार आणि मायक्रोफोन. शेवटच्या दोघांच्या जागांच्या दोन रीती आहेत, आणि एका रीतीत त्यांची अदलाबदल झालेली असते. खाच एका रीतीची आणि पिन दुसऱ्या रीतीची असली की परतीची तार नीट जुळत नाही. मग दोन्ही कानांच्या लहरींतला फक्त फरक तेवढा ऐकू येतो. गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखाच असतो, म्हणून तो गळून पडतो. तारेवरचे बटण दाबून धरा. दाबताच गळा परत आला तर हाच दोष समजा. पिन किंचित बाहेर ओढूनही कधी कधी भागते. पक्का उपाय म्हणजे रीत बदलणारा छोटा जोड किंवा दुसरा हेडफोन.

बिनतारी ब्लूटूथ हेडफोनचा आवाज अचानक जुन्या टेलिफोनसारखा झाला, तर तो बोलण्याच्या पद्धतीवर गेला आहे. त्या पद्धतीत मायक्रोफोन चालतो, पण आवाजाची प्रत उतरते. पॅव्हूकंट्रोलच्या ‘कॉन्फिगरेशन’ पानावर ‘एटूडीपी’ निवडा.

हे सारे करूनही यश नाही आले, तर लॅपटॉप पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. एकाच यंत्रावर विंडोजही असेल तर हे विशेष लक्षात ठेवा. नुसते ‘रीस्टार्ट’ केल्याने चिप कधी कधी आधीच्याच अवस्थेत राहते. शेवटची कसोटी म्हणजे पेनड्राइव्हवर दुसरी लिनक्स घेऊन तिच्यावरून यंत्र सुरू करणे. तिथे हेडफोन वाजला तर दोष मांडणीत आहे आणि तो दुरुस्त होतो. तिथेही वाजला नाही, तर खाच किंवा चिप बिघडली असण्याचा संभव मोठा. तरी लॅपटॉप टाकून देऊ नका. यूएसबीत बसणारे छोटे साउंड कार्ड मिळते. ते स्वतःची चिप आणि खाच घेऊन येते आणि मोडलेला पाट चुकवून आवाज पुढे नेते.

1956 साली पुण्याच्या आकाशवाणी केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. माणसे एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि त्यांचे प्रश्न केंद्राकडे जात. शिक्षकांनी तीच रीत इथे धरावी. शाळेच्या कपाटात एक वही ठेवा. आवाज कधी गेला, कोणते दार बंद होते, कशाने उघडले, एवढे तारखेनिशी लिहा, आणि सातवी-आठवीच्या दोन मुलांना ही वाट एकदा हाताने चालायला लावा. पुढच्या खेपेला त्या दृष्टिहीन मुलाचा हेडफोन मुका झाला, तर त्याच्या शेजारी बसलेला मित्रच तो बोलका करील.