पहिला प्रयोग बातोरीबाईंचा

१२ जानेवारी १९०७. पॅरिसच्या साल एरार सभागृहात संगीतकार मॉरिस राव्हेलची ‘इस्त्वार नात्युरेल’ ही पाच गाणी पहिल्यांदाच गायली जात होती आणि श्रोत्यांत हशा पिकला. विषयच तसे: मोर, रातकिडा, राजहंस, खंड्या, गिनी कोंबडी. शब्द ज्यूल रनारच्या गद्यातले. गळाच्या काठीवर खंड्या येऊन बसतो. पाखराला आपण झाड वाटलो या अभिमानाने गळ टाकणारा श्वास रोखून धरतो. एका गाण्यात घडतं ते इतकंच. त्यात राव्हेलने शब्दांचे शेवट बोलताना खातात तसे खाऊन टाकलेले. टीकाकार पिएर लालो तुटून पडला; राव्हेलचे गुरू फोरे यांनाही हे रुचलं नाही. वाद राव्हेलच्या नावावर जमा झाला, पुढे कीर्तीही. त्या संध्याकाळी पियानोवर तोच होता; पण लोकांकडे तोंड करून उभ्या होत्या जान बातोरी.

बातोरीबाईंचा जन्म पॅरिसचा, १८७७चा. खरं नाव जान-मारी बेर्तिए. व्हायचं होतं पियानोवादक, वळल्या गाण्याकडे. काही काळ ऑपेरातही गायल्या, पण तिथे रमल्या नाहीत. त्यांच्याहून तीस वर्षांनी मोठे असलेले एमिल एंजेल हे टेनर गायक त्यांचे सहकारी आणि नंतर पती. पियानोचं शिक्षण मात्र वाया गेलं नाही. नव्या गाण्यांत स्वरलिपी अवघड आणि साथीदार बिचकलेले. बाई सरळ स्वतःच वाजवत गायच्या. नव्या संगीतकारांची त्यांच्या दाराशी रीघ लागली ती, माझ्या मते, आवाजापेक्षा यामुळेच.

१९१७ साली झाक कोपो आपली नाटकमंडळी घेऊन न्यूयॉर्कला गेला आणि ‘व्ह्यू-कोलोंबिए’ हे त्याचं थिएटर बातोरीबाईंच्या हाती आलं. बाहेर महायुद्ध चालू होतं. त्याच डिसेंबरात तिथे पुलांक या अठरा वर्षांच्या संगीतकाराची ‘राप्सोदी नेग्र’ ही रचना सादर झाली. मधल्या भागाचे शब्द निरर्थक, ठरलेल्या गायकाने ऐन वेळी अंग काढून घेतलं, म्हणून पोराने स्वतःच गाऊन वेळ मारून नेली. संगीतकार सातीच्या भोवती जमलेली पुलांकसारखी तरुण मंडळी पुढे ‘ले सीस’, म्हणजे ‘सहाजण’, म्हणून गाजली. त्यांना सुरुवातीला रंगमंच कोणी दिला, हे मात्र ओझरतं सांगितलं जातं.

१९२६ साली राव्हेलची ‘शांसों मादेकास’ रोममध्ये पहिल्यांदा संपूर्ण सादर झाली, तेव्हाही गायला बातोरीबाईच होत्या. त्या वर्षापासून ब्यूनस आयर्सच्या फेऱ्या सुरू झाल्या; दुसऱ्या महायुद्धाची वर्षं तर तिथेच गेली. पॅरिसमध्ये त्यांचं नाव मागे पडायला हेही एक कारण असावं.

पन्नाशी उलटल्यावर, १९२९-३०च्या सुमारास, कोलंबिया कंपनीने त्यांच्या काही तबकड्या काढल्या. देब्युसीच्या ‘बिलितीस’च्या गाण्यांमध्ये गळा आणि पियानो दोन्ही त्यांचेच. आवाज लहान, काहीसा कोरडा. मोठ्या गळ्याची सवय असलेल्याला पहिल्या मिनिटात निराशाच येईल. पण एकेक व्यंजन स्वच्छ ऐकू येतं, आणि वाक्य जिथे थबकतं तिथे पियानोही थबकतो. वेगळ्या साथीदाराला हे इतकं नेमकं जमणं कठीण. युद्धानंतर पॅरिसला परतून त्यांनी शिकवलं. देब्युसीची गाणी कशी गावीत यावर १९५३ साली पुस्तक लिहिलं. १९७०च्या जानेवारीत, ब्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या, तोवर त्यांनी पहिल्यांदा गायलेली गाणी संगीतशाळांच्या अभ्यासक्रमात जाऊन बसली होती.