पैसे कापले गेले, पण पोहोचले नाहीत!
विखुरलेल्या संगणकांचा हिशेब कसा जुळतो?

व्यापाऱ्याच्या गल्ल्यातील रोकड आता बरीच कमी झाली आहे. चहाच्या टपरीपासून सुताच्या पेढीपर्यंत सर्वत्र मोबाईलने पैसे देण्याघेण्याचा रिवाज पडला आहे. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआयची सुरुवात झाली आणि ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार या मार्गाने झाले. या सोयीबद्दल दुमत नाही.

तथापि एक तक्रार प्रत्येक बाजारात ऐकू येते. गिऱ्हाईक म्हणते, "माझ्या खात्यातून पैसे कापले गेले." दुकानदार म्हणतो, "माझ्याकडे आलेले नाहीत." दोघेही खरे बोलत असतात, तरीही दोघे एकमेकांकडे संशयाने पाहतात. कधी माल अडतो, कधी जुने गिऱ्हाईक तुटते. जरीकाम करणाऱ्या एखाद्या कारागिराची आठवड्याची मजुरी अशी मध्येच अडकली, तर त्याच्या घरच्या किराण्याचा प्रश्न उभा राहतो. म्हणून ही यंत्रणा आतून कशी चालते, ती अडखळते कुठे आणि तिचे कारागीर, म्हणजे संगणक अभियंते, ती कशी सावरतात, हे आपल्या व्यापारी बांधवांनी समजून घेणे जरुरीचे आहे.

चार घरांचा मामला

आपल्याला वाटते की आपल्या मोबाईलवरून समोरच्याच्या मोबाईलवर थेट पैसे गेले. वस्तुतः या व्यवहारात किमान चार घरे असतात. पहिले, आपण वापरतो ते ॲप आणि त्याच्या मागे उभी असलेली बँक. दुसरे, मध्यभागी बसलेले राष्ट्रीय देयक महामंडळ, ज्याला एनपीसीआय म्हणतात. तिसरे, देणाऱ्याची बँक. चौथे, घेणाऱ्याची बँक. या प्रत्येकाचे संगणक वेगळे, जागा वेगळ्या, त्यांना सांभाळणारी माणसेही वेगळी.

आपण पिन दाबला की निरोप एनपीसीआयकडे जातो. तेथून देणाऱ्याच्या बँकेला हुकूम जातो की एवढी रक्कम वजा करा. तिचे उत्तर आले की घेणाऱ्याच्या बँकेला हुकूम जातो की एवढी रक्कम जमा करा. तिचेही उत्तर आले की दोन्ही बाजूंना "व्यवहार पूर्ण" असा निरोप मिळतो. बँकांची आपसातील देवाणघेवाण मात्र त्याच क्षणी होत नाही. ती दिवसातून अनेकदा एकत्रित हिशेब करून चुकती केली जाते.

आपल्या कापडधंद्यातही हेच चालते. सूत व्यापाऱ्याकडून निघते, सायझिंगमध्ये जाते, तेथून बीम यंत्रमागावर चढतो, ग्रे कापड प्रोसेसला जाते आणि मग तयार गठाण पेढीवर येते. पाच ठिकाणी पाच वह्या असतात. माल एकच असला, तरी त्याचा हिशेब पाच जणांच्या हातात असतो. एका संगणकावर चालणारी वही आणि अनेक संगणकांवर पसरलेली वही यांत हाच फरक आहे. अशा पसरलेल्या यंत्रणेला विखुरलेली यंत्रणा म्हणतात.

उत्तर आले नाही, याचा अर्थ काय?

विखुरलेल्या यंत्रणेची खरी अडचण निरोपाच्या वाटेत आहे. समजा एनपीसीआयने घेणाऱ्याच्या बँकेला जमा करण्याचा हुकूम पाठवला आणि ठरलेल्या वेळात उत्तर आले नाही. याचे तीन अर्थ निघू शकतात. हुकूम पोहोचलाच नाही. किंवा हुकूम पोहोचला, पैसे जमा झाले, पण उत्तर वाटेत हरवले. किंवा हुकूम पोहोचला आहे आणि बँकेचा संगणक अजून काम करीत आहे.

बाहेर बसलेल्याला या तीनही गोष्टी सारख्याच दिसतात. नकार आला असता तर पैसे ताबडतोब परत करता आले असते. मौन हा नकार मानून पैसे परत केले आणि तिकडे जमाही झालेले असले, तर एकाच रकमेचे दोन धनी होतात. मौनाला होकार मानून गप्प बसले आणि तिकडे काहीच झालेले नसले, तर गिऱ्हाईकाचे पैसे बुडतात.

संगणकशास्त्रात हा प्रश्न १९७० च्या दशकापासून दोन सेनापतींच्या उदाहरणाने शिकवला जातो. दोन टेकड्यांवरील दोन सेनापतींना एकाच वेळी चढाई करायची आहे आणि मधल्या दरीत दूत पकडला जाण्याची भीती आहे. कितीही दूत पाठवले, तरी शेवटचा दूत पोहोचला की नाही, याची खात्री दोघांपैकी एकाला कधीच मिळत नाही. निरोप हरवू शकत असेल तर संपूर्ण खात्री अशक्य आहे, हे सिद्ध झालेले आहे. मोबाईलवर "प्रलंबित" हा शब्द दिसतो तो याच कारणाने. यंत्रणा त्या वेळी प्रामाणिकपणे सांगत असते की मला अजून ठाऊक नाही.

हुंडीची पेठ आणि परपेठ

मग अभियंते काय करतात? त्यांचा पहिला उपाय आपल्या बाजारपेठेला शेकडो वर्षे माहीत आहे. जुन्या काळी हुंडी वाटेत हरवली, तर तिची दुसरी प्रत निघत असे, तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर तिसरी प्रत, म्हणजे परपेठ निघे. परंतु पैसे एकदाच मिळत. पेठेत मूळ हुंडीचा हवाला असे आणि सराफ आधी आपल्या वहीत पाहत असे की हिची रक्कम पूर्वी चुकती झाली आहे काय. चुकती झालेल्या हुंडीला खोका म्हणत. तिच्यावर पुन्हा दमडी मिळत नसे.

यूपीआयच्या प्रत्येक व्यवहारालाही असाच स्वतंत्र क्रमांक असतो. निरोप हरवल्याची शंका आली, तर तोच क्रमांक घालून पुन्हा विचारता येते. बँकेचा संगणक वहीत पाहतो. हा क्रमांक आधी नोंदलेला असेल तर दुसऱ्यांदा काही न करता जुनेच उत्तर परत देतो. एकच हुकूम दहा वेळा आला तरी काम एकदाच व्हावे, हा या कारागिरीचा पहिला नियम आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे संरक्षण यंत्राने त्याच क्रमांकाने पुन्हा विचारले तरच मिळते. गिऱ्हाईकाने स्वतः पुन्हा स्कॅन करून पिन दाबला, तर तो नवा क्रमांक, म्हणजे नवी हुंडी झाली. तिचे पैसे वेगळे कापले जातील.

आधी लिहा, मग करा

दुसरा उपाय नोंदीचा. चांगला संगणक कोणतेही काम करण्यापूर्वी "मी हे करणार आहे" अशी नोंद कायम स्वरूपाच्या वहीत करतो आणि मग कामाला हात घालतो. मध्येच वीज गेली, यंत्र बंद पडले, तरी पुन्हा सुरू होताच ते आधी ती वही वाचते आणि अर्धवट राहिलेले काम एक तर पुरे करते किंवा मागे घेते. या शास्त्राची पायाभरणी करणाऱ्या जिम ग्रे यांना १९९८ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. संगणक क्षेत्रात त्याहून मोठा मान नाही.

त्यानंतर येतो मेळ. निरनिराळ्या बँका आणि एनपीसीआय आपापल्या नोंदी समोरासमोर ठेवून ताडून पाहतात. ज्या व्यवहाराचे उत्तर हरवले होते, त्याचा निकाल येथे लागतो. पैसे जमा तरी होतात किंवा परत तरी जातात. "प्रलंबित" व्यवहार काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी आपोआप सुटतो, त्यामागे हा मेळ असतो.

लिखापढीचे महत्त्व आपल्याला नवीन नाही. कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत, सूरह बकरातील २८२ वी, देण्याघेण्याच्या नोंदीविषयीच आहे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार असावेत आणि रक्कम लहान म्हणून कंटाळा करू नये, असा तिचा आशय आहे. माणूस विसरतो, वाद होतात, म्हणून नोंद आणि साक्ष. यंत्रांनाही याच दोन गोष्टींवर भरवसा ठेवावा लागतो.

वारंवार विचारण्याचे नुकसान

उत्तर आले नाही की पुन्हा विचारावे, हे ठीक. पण सर्वांनीच एका दमात पुन्हा पुन्हा विचारले तर काय होते, याचा अनुभव १२ एप्रिल २०२५ रोजी देशाने घेतला. त्या दिवशी यूपीआय काही तास कोलमडले. कारण शोधले असता आढळले की काही बँकांच्या यंत्रणा व्यवहारांची स्थिती वारंवार विचारत होत्या, जुन्या व्यवहारांचीसुद्धा. त्या विचारणांच्या लोंढ्याखाली मूळ काम गुदमरले.

त्यानंतर एनपीसीआयने नियम कडक केले. व्यवहाराची स्थिती विचारण्यापूर्वी थोडा वेळ थांबावे आणि दोन तासांत तीनपेक्षा अधिक वेळा विचारू नये, असे ठरले. ऑगस्ट २०२५ पासून ग्राहकाने खात्यातील शिल्लक पाहण्यावरही एका ॲपवर दिवसाला ५० वेळांची मर्यादा आली.

अभियंते यासाठी आणखी एक युक्ती वापरतात. समोरचा संगणक सतत गप्प राहू लागला, तर काही काळ त्याच्याकडे निरोप पाठवणेच बंद करायचे. यंत्रमागावर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो, नाही तर सदोष कापड विणले जाते. वेळीच थांबणे हाही चांगल्या यंत्राचा गुण आहे.

नमुना आधी, माल नंतर

रंगाचा नमुना पास झाल्याशिवाय कोणी हजार मीटर कापड रंगात घालत नाही. संगणकातही नवी आज्ञावली प्रथम थोड्या यंत्रांवर चालवून पाहतात, ठीक वाटली तर हळूहळू सर्वत्र नेतात आणि सर्व यंत्रांवर एकच प्रत आहे ना, याची खातरजमा करतात. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर दलाली करणाऱ्या कंपनीच्या आठ संगणकांपैकी एकावर नवी आज्ञावली चढवायची राहून गेली. त्या एका यंत्रावरील जुना, निकामी भाग जागा झाला आणि चुकीचे सौदे करीत सुटला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलरच्या आसपास नुकसान झाले.

परीक्षेचे आणखी दोन प्रकार आहेत. नेटफ्लिक्स कंपनीने एक आज्ञावली बनवली, जी कामाच्या वेळेत मुद्दाम एखादा चालू संगणक बंद पाडते. उरलेली यंत्रणा तग धरते की नाही, हे अभियंते जागे असताना कळावे, हा हेतू. दुसरा प्रकार म्हणजे बांधण्याआधी गणिताने तपासणे. लेस्ली लॅम्पोर्ट या शास्त्रज्ञाने यासाठी टीएलए प्लस नावाची लेखनपद्धती तयार केली. त्यांनाही २०१३ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. ॲमेझॉनच्या अभियंत्यांनी २०११ पासून ती वापरली, तेव्हा त्यांच्या एका यंत्रणेत असा दोष सापडला की तो दिसण्यासाठी ३५ घटना एका विशिष्ट क्रमाने घडाव्या लागत. माणसाच्या नजरेला किंवा नेहमीच्या चाचणीला तो सापडला नसता. लाखो व्यवहारांत मात्र असा क्रम कधी ना कधी जुळून येतोच.

व्यापारी बांधवांनी काय करावे?

१. गिऱ्हाईकाच्या मोबाईलवरील चित्र किंवा स्क्रीनशॉट हा पुरावा मानू नये. बनावट ॲपने तसे चित्र दाखवता येते. आपल्या बँकेचा निरोप, आपले ॲप किंवा दुकानातील बोलणारे यंत्र यांवरच विसंबावे.

२. "प्रलंबित" दिसल्यास गिऱ्हाईकाला लगेच दुसऱ्यांदा पैसे देण्यास भाग पाडू नये. थोडे थांबावे. घाई असेल तर रोखीने घ्यावे आणि अडकलेली रक्कम नंतर आपल्याकडे जमा झाल्यास ती परत करण्याचे लिहून द्यावे.

३. प्रत्येक मोठ्या रकमेचा बारा अंकी यूटीआर क्रमांक रोजमेळात लिहावा. तक्रारीच्या वेळी हा क्रमांकच आपला साक्षीदार असतो.

४. दररोज दुकान बंद करण्यापूर्वी ॲपमधील जमा, बँकेतील जमा आणि आपली वही, असा तिघांचा मेळ घालावा.

५. आपला हक्क ओळखावा. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, एका व्यक्तीने दुसऱ्याला पाठवलेले पैसे कापले गेले आणि पोहोचले नाहीत, तर ते फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत आले पाहिजेत. दुकानात केलेल्या व्यवहाराची खात्री दुकानदाराला मिळाली नाही, तर ही मुदत व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांची आहे. त्यापुढे दररोज १०० रुपये भरपाई देणे बंधनकारक आहे. तक्रार प्रथम ॲपमधून व बँकेत करावी. तीस दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

शेवटी एक गोष्ट. मेळात कधी असेही आढळते की गिऱ्हाईकाचे पैसे आपल्याकडे दोनदा आले आहेत. ती रक्कम आपली नाही, ती अमानत आहे. गिऱ्हाईक विचारायला येईपर्यंत वाट न पाहता ती परत करावी. यंत्र फक्त नोंद ठेवू शकते. ती नोंद पाहून रक्कम ज्याची त्याला पोहोचवणे, हे व्यापाऱ्याच्या इमानावर आहे, आणि बाजारातील पत त्यावरच टिकते.